बिबट्याचे डोळे म्हणून खिळलेले आम्ही दोघे

मित्रांनो, मी सायकलच्या पायडलवरचा एक जुना रिफ्लेक्टर आहे. बोटाएवढा नारिंगी प्लॅस्टिकचा तुकडा, बस. मला स्वतःचा उजेड नाही. मागून येणाऱ्या गाडीचा उजेड पडला की चमकायचं आणि पुढे माणूस आहे, जरा जपून, एवढं चालकाला सांगायचं, हेच माझं काम. पण त्या कामाचा मला केवढा अभिमान होता म्हणून सांगू!

आमची सायकल एका बाईंची होती. जंगलाच्या कडेला त्या आणि त्यांचे यजमान पाहुण्यांना खोल्या देत. पहाटेच्या अंधारात बाई दूध आणायला निघत, तेव्हा मी डाव्या पायडलवर आणि माझा जोडीदार उजव्या पायडलवर वरखाली होत असू. एकदा एक ट्रक अगदी अंगावर आला होता. आम्ही चमकलो आणि तो ऐन वेळी बाजूला झाला. घरी आल्यावर बाईंनी आम्हा दोघांना ओल्या फडक्याने पुसलं. तेवढं कौतुक मला जन्मभर पुरलं असतं.

बाईंचे यजमान वाटाड्या होते. रात्री पाहुण्यांना बॅटऱ्या देऊन ते जंगलात प्राणी बघायला नेत. आता जंगलातले प्राणी काय कुणाच्या सांगण्यावरून थोडेच येतात? पाहुणे बेडूक आणि कोळी बघून परत येत आणि जेवताना तोंडं वाकडी करत. बेडूक तर आमच्या गच्चीवरही आहेत, असं कुणीतरी हमखास म्हणे. हळूहळू पाहुणे कमी होऊ लागले. मग एका संध्याकाळी वाटाड्या पान्हा घेऊन सायकलपाशी आले. काही कळायच्या आत आम्ही दोघे जंगलात होतो. ओढ्यापलीकडच्या एका जाड झाडाला, गुडघ्याएवढ्या उंचीवर, त्यांनी आम्हाला शेजारी शेजारी खिळ्यांनी ठोकलं.

त्याच रात्री पलीकडच्या काठावरून बॅटऱ्यांचा झोत आमच्यावर पडला.

"तो बघा बिबट्या," वाटाड्या हळूच म्हणाले. "रोज इथेच बसतो. शांत आहे. उठायचा नाही. बॅटरी मात्र खालीच धरा."

मी सुन्न झालो. बिबट्या? मी? अहो, मी सायकलचा तुकडा! लोकांचे श्वास अडकले होते, एका आजोबांनी तर हात जोडले. बिबट्याचे डोळे नारिंगी कसे, तो पापणी का लववत नाही, हे एकानेही विचारलं नाही. मित्रांनो, आपण हसावं की रडावं तेच मला कळेना. आणि तिकडे पहाटे बाईंच्या मागून येणाऱ्या गाडीला आता कोण सांगत असेल, या काळजीने माझा जीव कासावीस व्हायचा.

या पाहुण्यांत दातांचे एक डॉक्टर होते. आम्हाला बघून गेल्यावर त्यांनी ही गोष्ट प्रत्येक पेशंटला सांगितली म्हणे. पेशंटचं तोंड उघडं, त्यामुळे शंका काढणार कोण? पुढच्या वर्षी ते धाकट्या बहिणीला घेऊन आले. या वेळी त्यांना जवळून फोटो हवा होता. त्या रात्री बाईही निघाल्या. जगाला बिबट्या दाखवता, मला कधी दाखवणार, असं त्यांनी विचारलं आणि वाटाड्यांच्या सबबी संपल्या.

नेहमीसारखा झोत पडला. आम्ही चमकलो. डॉक्टरांनी कॅमेरा काढला आणि सरळ ओढ्यात पाय टाकला. मला बघून गाड्या लांब होत असत. हा माणूस मला बघून जवळ येत होता.

बाईंना बॅटरी कुठे धरायची ते ठाऊक नव्हतं. त्यांचा झोत वर सरकला.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे तर चार डोळे आहेत."

मला वरचं दिसत नव्हतं. पण माझ्यावर सालीचा चुरा पडला आणि वरून जड, ओलसर श्वास ऐकू आला. वाटाड्या पाण्याच्या कडेशी धावले.

"डॉक्टर, मागे या."

"तुम्हीच म्हणालात ना, उठत नाही म्हणून?"

वाटाड्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं. "खालचे दोन खोटे आहेत," ते म्हणाले. "प्लॅस्टिकचे. मी लावलेत. वरचे खरे आहेत."

डॉक्टर पाण्यातच थांबले आणि हसले. ते हसणं काही बरं नव्हतं. "म्हणजे वर्षभर मी लोकांना प्लॅस्टिकच्या गोष्टी सांगत होतो? मग वरचेही तुमचेच असणार. काढूनच आणतो चारही." आणि ते तावातावाने पुढे निघाले. खरं सांगितलं तरी कुणी विश्वास ठेवेना, असं मी प्रथमच पाहिलं.

"दादा," बहीण कशीबशी म्हणाली, "त्यानं आत्ता डोळे मिटले. परत उघडले."

डॉक्टर जागीच थिजले. तोवर वाटाड्या पाण्यात उतरले होते. त्यांनी डॉक्टरांची कॉलर धरली, स्वतः पुढे झाले आणि एक एक पाऊल मागे घेत त्यांना काठावर आणलं. फांदी करकरली. मागे जड काहीतरी उतरल्याचा आवाज झाला, पाचोळा वाजला आणि मग शांतता पसरली.

 बाईंनी विचारलं, "कसले प्लॅस्टिकचे?"

"तुझ्या सायकलचे."

"मी ते रस्ताभर शोधले होते," बाई म्हणाल्या. "आणि अजून रोज पहाटे त्याच सायकलवरून जाते मी."

 मला वाटतं, हे वाटाड्यांच्या खरंच लक्षात आलं नव्हतं. 

सकाळी वाटाड्या आणि बाई आम्हाला काढायला आले. खिळा उपटताना माझा जोडीदार दुभंगला. मी वाचलो, तारेने बांधून पुन्हा पायडलवर आलो. पण त्याआधी वाटाड्यांनी खोडावरून हात फिरवला, तेव्हा जे समजलं त्याचा धक्का मला अजून आहे. बुंध्यावर वरपर्यंत नखांचे ओरखडे होते. काही ताजे, काही इतके जुने की साल भरून आली होती.

"हा कधीपासून येतोय," वाटाड्या पुटपुटले. "रोज आपण समोरच तर उभे होतो."

मित्रांनो, खरा बिबट्या कितीतरी रात्री आमच्या डोक्यावर बसून होता, आणि सगळ्यांच्या बॅटऱ्या माझ्यावर होत्या. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, मला हात नसले तरी. जंगलात गेलात तर वाटाड्याकडे प्राणी मागू नका. आणि काहीच दिसलं नाही, तर घरी येऊन काहीच दिसलं नाही, असंच सांगा.