बाईची भिंत

"या भितले छन्नी लावशी, त पहिले माले फोड!" कलाबाई भिंतीपुढे हात पसरून उभी राहिली आणि उखा वायरमनची हातोडी वरच्या वर थबकली.

"वहिनी, कानबाई नही ती, करंट शे," उखा काकुळतीला आला. "वायर उघडी शे भितमा. भित वली व्हयनी का झटका मारस."

"करंट तुना डोकामा शे!"

तिचा नवरा छगन खाटेवर डोकं धरून बसला होता. चूक त्याचीच होती. खानदेशातून येऊन बमरोलीच्या कापडाच्या लूमखात्यात उभं राहून पाय झिजवले, तेव्हा कुठे हे चार भिंतींचं घर उभं राहिलं. शेठच्या बंगल्यात वायर दिसत नाही, म्हणून याच्याही घरात दिसायला नको होती. त्यात श्रावणातला कानबाई देवीचा सण तोंडावर आलेला. मग काय, पाइप नाही न् काही नाही, कुणा भुरट्या वायरमनकडून वायर नुसती प्लास्टरमध्ये दडपून घेतली. हौस म्हणतात ती हीच.

कानबाई बसली त्या दिवशी सकाळपासून झड लागली होती. भिंती घामेजल्यासारख्या ओल्या झाल्या होत्या. कलाबाई न्हाऊन ओलेत्यानं आली, देवीच्या मागच्या भिंतीला तिनं हात टेकला आणि थरथरत दूर फेकली गेली. "बाई उनी! आंगमा बाई उनी!" बाया ओरडल्या. हळदकुंकवाचा सडा पडला. छगनही तिच्या पायावर डोकं ठेवून मोकळा झाला.

पुढे एकदा त्याच भिंतीला त्याचा ओला हात लागला आणि खांद्यापर्यंत मुंग्या चढल्या. तोंडात बिडी होती. बिडी ओढणाऱ्या बाप्याच्या अंगात कानबाई कशाला येईल? तो तसाच उठला आणि उखाला घेऊन आला.

पण तोवर फार उशीर झाला होता. कलाबाईला मूलबाळ नव्हतं. खानदेशात असताना कुणी तिला ओटी भरायला पुढे बोलावलं नव्हतं, वाटेत दिसली तर बाया लेकरं पदराआड घेत. आता त्याच गावच्या, इथं कामाला आलेल्या बाया आपली लेकरं तिच्या मांडीवर आणून ठेवत होत्या. भिंतीवर कुंकवाचे पंजे उमटले होते, खाली नारळ साचले होते. हे सगळं छन्नीनं फोडायचं म्हणजे कलाबाईलाच फोडायचं, हे छगनला कळत होतं. त्यानं उखाला हातानंच जायला खुणावलं.

उखा हात हलवत परत गेला. छगननं मेन स्विचमधला फ्यूज काढला आणि खिशात टाकला. त्या दिवसापासून घरात रॉकेलची चिमणी पेटू लागली.

भिंत गप्प झाली. कलाबाई रोज ओल्या हातानं तिला चाचपायची, आणि रोज तिचं तोंड उतरायचं. बाया यायच्या कमी झाल्या.

"तुम्ही फ्यूज काढी लिन्हा, म्हनीसन बाई रुसनी," ती रडत म्हणाली. "जल्मभर माले कोनी इचारं नही. आते इचारतस, त तुमले सहन नही व्हत?"

"कले, तू मरी जाशी वं!"

"मरी गऊ त बाईना पायवर मरसू."

खिशातला फ्यूज चाचपत छगन पाळीवर गेला.

खात्यात दिवसभर धडधड चालू होती, छगनचं मात्र ताग्यात लक्ष नव्हतं. संध्याकाळी पाळी सुटली. चिखल तुडवत तो वळणावर आला आणि जागच्या जागी उभा राहिला. त्याच्या घरात बल्ब लख्ख पेटला होता.

तो धावत सुटला. दारात बायांची ही गर्दी. शेजारचा सुकलाल हसत पुढे आला. "वहिनीनी सांगं, म्हनीसन फ्यूजना जागे तांबानी तार घाली दिन्ही. आज बाईना भितले दूध-पानीनी आंघोळ घाली ना!"

आत कलाबाई दोन्ही हातांनी ओल्या भिंतीला धरून होती. ती थडथड उडत होती, आणि या खेपेला भिंत तिला सोडत नव्हती.

"मेन बंद करा! मेन बंद करा रे!" छगन गर्दीत घुसला.

चार हातांनी त्याला मागं ओढलं. "बाई उनी शे, छगनभाऊ," गर्दीतली प्रमिलाबाई हात जोडून हळूच म्हणाली, "इटाळ करू नका."