सात बाटल्या आणि पाण्याची घंटा

संगीताचे सर सकाळपासून बाटल्या मोजत होते, आणि दर वेळी त्या सातच भरत होत्या.

दुसरीच्या वर्गात पुढच्या बाकांवर सात काचेच्या बाटल्या उभ्या होत्या. दोन सॉसच्या, तीन सरबताच्या, एक खोकल्याच्या औषधाची, आणि एक कसली होती ते सरांनी मुद्दाम विचारलं नव्हतं, कारण ती खेळाच्या सरांनी आणून दिली होती. प्रत्येकीत कमीजास्त पाणी. चमचा मारला की सूर निघायचा. पाणी कमी तर सूर वर, पाणी जास्त तर सूर खाली, हे मुलांनी स्वतःच ओतून-सांडून शोधून काढलं होतं. ज्याची बाटली तो त्या सुराचा मालक, आणि हळूहळू सगळे त्यांना त्याच नावानं हाक मारू लागले. पालकसभेत 'ध'ची आई तक्रार घेऊन आली होती, की पोरगा घरी खऱ्या नावाला ओ देत नाही.

वरचा सा मात्र नव्हता. आठवी बाटली ताईनं दिली नाही. सरांची ही मोठी बहीण घरी केक करून विकायची. बाटल्यांतल्या पाण्याला तिच्याच केकचे रंग होते. रंग ने, ती म्हणाली होती, पण आता घरातली एक जरी बाटली हलली तर तुलाच बरणीत भरून ठेवीन.

आज तपासणीचे साहेब येणार होते. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सरांना स्वच्छ सांगितलं होतं, की साहेबांना हा सगळा गोंगाट वाटला तर संगीताचा तास गणिताला जाणार. तास गेला की सरही जाणार, हे त्या बोलल्या नव्हत्या. त्यांना बोलण्यात काटकसर आवडायची.

काटकसर नव्हती ती पाण्याच्या बाबतीत. मुलं दिवसभर पाणी पीत नाहीत म्हणून बाईंनी पाण्याची घंटा सुरू केली होती. ती झाली की हातातलं काम टाकायचं, समोरची बाटली उचलायची आणि तोंडाला लावायची. न पिणाऱ्याला उभं करत. आज सकाळी मैदानावर त्यांनी पुन्हा बजावलं होतं, की साहेबांसमोर एकही घंटा चुकता कामा नये. शिवाय बाक नीटनेटके दिसावेत म्हणून मुलांच्या पाण्याच्या बाटल्या बाहेर व्हरांड्यात ओळीनं ठेवायला लावल्या होत्या.

सरांनी काळजी करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. बाटली फुटेल, 'म' रडेल (तो रोज रडायचा), मागच्या बाकांवरचे, रिकाम्या खोक्यांवर रबरबँड ताणून वाजवणारे, ते वाजवायचं सोडून एकमेकांच्या कानावर सोडतील. घंटेची काळजी तेवढी राहून गेली.

साहेब आले. उंच, चेहरा दातदुखी लपवणाऱ्या माणसासारखा. बाई त्यांच्या शेजारी. सरांनी हात वर केला. सरांनीच रचलेलं बदकांच्या सहलीचं गाणं सुरू झालं. बदकं तळ्यापर्यंत सुखरूप पोचली. 'म' चक्क हसत होता. सरांच्या जिवात जरा जीव आला.

आणि घंटा झाली.

सातही जणांनी चमचे खाली ठेवले, समोरच्या बाटल्या उचलल्या आणि तोंडाला लावल्या.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं, तेही नेमकं पोरं पाणी पीत असताना. रंग केकचेच होते, हे त्यांनी मनात तीनदा घोकलं. ओरडावं तर घंटा चुकते, गप्प राहावं तर गाणं जातं. त्यांचा वर केलेला हात तसाच राहिला. तो खाली घ्यायचा असतो हे त्यांना सुचलं नाही.

मुलांनी बाटल्या ठेवल्या. 'नी'नं चमचा मारला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"सर, माझा सूर वर पळाला."

सगळ्यांचेच पळाले होते. 'ध'नं तर बाटली रिकामी केली होती, तळाशी बसलेला गडद निळा गाळ तेवढा उरला होता. तो मुळात आज्ञाधारक. साहेब बाईंकडे बघत होते, बाई सरांकडे, आणि सर स्वतःच्या हाताकडे.

तेवढ्यात 'सा' उठली आणि कुणाला न विचारता व्हरांड्यातून स्वतःची पाण्याची बाटली घेऊन आली. तिच्यामागे बाकीचे. मग ओतणं, वाजवणं, कान टेकवणं. जास्त झालं तर एक घोट प्यायचा, पुन्हा वाजवायचं. 'ग'चा सूर लागेना तर 'रे'नं त्याला आपला सूर दिला, याच्या जरासा वर जा म्हणून. जिभा लाल, हिरव्या, जांभळ्या. सर हात वर करून उभेच.

शेवटी 'ध' राहिला. त्यानं घाईत जास्तच ओतलं होतं. घोटभर कमी करायला हवं होतं, पण त्याचं पोट टम्म फुगलं होतं. त्यानं आजूबाजूला पाहिलं. सगळेच तुडुंब. मग त्यानं जवळ उभ्या असलेल्या माणसापुढे बाटली धरली.

"साहेब, एक घोट प्या. एकच हं."

बाईंनी डोळे मिटले. साहेबांनी बाटली घेतली, निरखली आणि तोंडाला लावली. 'ध'नं वाजवून पाहिलं.

"दोन प्यायलात."

"चुकलं," साहेब म्हणाले.

'ध'नं नाराजीनं थेंबभर पाणी घातलं, सूर जमवला, आणि बदकं तळ्यावरून घरी आली.

नंतर ऑफिसात सर खुर्चीच्या कडेला बसले होते. हात एव्हाना खाली आला होता. साहेबांनी तोंड उघडलं तेव्हा आत सगळं गडद निळं होतं. बाई भिंतीवरचं घड्याळ बघू लागल्या.

"हा रंग किती टिकतो?" साहेबांनी विचारलं.

सर म्हणाले, उद्यापर्यंत, बहुतेक. ताईला विचारून सांगतो.

साहेबांनी रुमालानं जीभ पुसून पाहिली. उद्या वरिष्ठांसमोर जायचंय, एवढंच पुटपुटले. सरांनी मनातल्या मनात शाळेतल्या आपल्या कपाटाची किल्ली परत केली, खेळाच्या सरांचा निरोप घेतला, ताईला बाटल्या परत दिल्या.

"संगीताचा तास राहू द्या," साहेब म्हणाले. "आपलं काय बिघडलं आणि ते किती घोटांनी दुरुस्त होईल, हे त्या पोरांना कळतं. माझ्या ऑफिसात कुणाला कळत नाही." मग बाईंकडे वळून त्यांनी सांगितलं, की घंटा मात्र त्या तासानंतर वाजवा. बाई घड्याळाला हो म्हणाल्या. साहेबांनी दबक्या आवाजात शौचालय कुठे आहे ते विचारलं आणि लगबगीनं उठले.

सर वर्गाकडे निघाले. वर्गात पुढचे बाक रिकामे. सर धावत व्हरांड्याच्या टोकाला गेले तर शौचालयाबाहेर रांग होती. सा, रे, ग, म, प, ध, नी, पाय आवळून, बरोबर क्रमानं. 'म' रडत होता. 'नी'च्या मागे साहेब उभे होते, तितकेच पाय आवळून.

'ध'नं मागे वळून पाहिलं आणि सरांना सांगितलं, "सर, वरचा सा मिळाला."