सहा घरांची आजीबाई

माझ्या रिव्हॉल्व्हरला एजन्सीत सगळे आजीबाई म्हणतात. हे नाव माझ्या मेहुण्याने ठेवलं. त्याला स्वतःला सगळे टापटीप म्हणतात, कारण त्याच्या बुटात तोंड पाहून दाढी करता येईल आणि गणवेशाच्या इस्त्रीने भाजी चिरता येईल. आम्ही दोघं बँकांची रोकड नेणाऱ्या गाडीवर पहारेकरी. तो माझ्या शेजारी बसतो आणि दिवसभर बोलतो. नोकरीला त्याला मीच लावलं, पहिला बारही त्याने माझ्याच देखरेखीखाली काढला. आता मला शिकवतो. गुरूची विद्या गुरूला, दुसरं काय.

नवे साहेब आले नसते तर हे असंच रडतखडत चाललं असतं. साहेब आधी साबणाच्या कंपनीत होते, त्यामुळे फेस भरपूर. त्यांनी आम्हाला हॉलमध्ये उभं केलं आणि सांगितलं, बँकांना आता पिस्तूल हवंय. सहा गोळ्यांच्या जुन्या हत्यारावर त्यांचा विश्वास नाही. महिनाअखेरीपर्यंत ज्याच्याकडे पिस्तूल नसेल तो गाडीवरून उतरेल आणि फाटकावर जाईल. आमच्याकडे हत्यार ज्याचं त्याचं असतं. परवाना आपला, बंदूक आपली, एजन्सी फक्त पट्टा देते आणि तोही ढिला.

फाटकावर कोण असतं ते मला माहीत होतं. डोळे गेलेले, गुडघे गेलेले आणि ड्यूटीवर दारू पिताना सापडलेले. त्यांच्या हातात काठी असते. गाडीवरची माझी जागा गेली असती तर माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच उरलं नसतं, हे मी सरळ सांगतो. पण आजीबाई विकल्याशिवाय पिस्तूल येणार नव्हतं, दोन्ही बाळगण्याची आपली ऐपत नाही.

आणि आजीबाईने कधी दगा दिला नव्हता. एकदा भर रस्त्यात दोघांनी गाडीचं दार ओढलं तेव्हा तिने एकदाच तोंड उघडलं, तेही आभाळाकडे. दोघे चपला टाकून पळाले. एरवी गप्प. आमच्या घरात अशी गप्प माणसं फार नाहीत.

रविवारी दुपारी टापटीप जेवायला आला, तो बातमी घेऊनच.

"दाजी, बंदूकवाल्याशी बोलून ठेवलंय. आजीबाई घेतो म्हणाला. चांगला भाव देतोय."

"तुला कोणी सांगितलं होतं?"

"ताईने."

मी बायकोकडे पाहिलं. ती वाढत होती, वर बघायला तयार नाही.

"मीच सांगितलं," ती म्हणाली. "तुमच्या भरवशावर राहिले तर महिनाही संपेल आणि नोकरीही. रोज संध्याकाळी तिलाच तेल, तिलाच फडकं. माझ्या शिलाई मशीनला कधी तेल घातलंत?"

"ताई, असं नको बोलू. सवत आहे ती तुझी," टापटीप म्हणाला आणि स्वतःच हसला.

"जास्त बोललास तर एक दिवस तुलाच गोळी घालीन," मी म्हणालो.

"आजीबाईने? तोवर मी रिटायर होईन."

बायकोही हसली. मला ते हसणं अजिबात आवडलं नाही. मेहुण्याचं मी सोसतो, आपलेच दात आपलेच ओठ, पण ताटावर बसलेल्या माणसाला दोघांनी मिळून हसायचं नसतं. मी हात धुतले आणि सांगितलं की आधी ते पिस्तूल चालवून बघेन, मगच ठरवीन. नव्याचे नऊ दिवस असतात, हेही ऐकवलं.

एजन्सीच्या मागच्या अंगाला नेमबाजीची लांबट खोली आहे. तिथे बुधवारी टापटीपने मला स्वतःचं पिस्तूल दिलं, एखाद्या राजाने गाव इनाम द्यावं तसं. मी उभा राहिलो, नेम धरला आणि चालवलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. हाताला झटका कमी, चाप हलका, आणि कागदावरची भोकं एका वाटीत मावतील इतकी जवळ. तिसऱ्या बारालाच मी मनात आजीबाई विकून मोकळा झालो होतो. याचा मला रागही येत होता. माझ्या इतक्या वर्षांच्या सोबतिणीला मी तीन बारांत टाकलं, आणि तेसुद्धा या माणसाच्या हत्यारासाठी.

"बस, दाजी," मागून टापटीप म्हणाला. "गोळ्या फुकट येत नाहीत."

मॅगझिनमध्ये अजून गोळ्या होत्या. मॅगझिन काढून त्याच्या हातात दिलं आणि आम्ही बाजूच्या खोलीत गेलो.

तिथे वाळूने भरलेलं पिंप आहे. आमच्याकडचा जुना नियम असा की ड्यूटी किंवा सराव संपला की हत्यार रिकामं करायचं, तोंड वाळूकडे धरायचं आणि एकदा चाप ओढायचा. 'टक्' असा आवाज आला पाहिजे. तो आवाज ऐकायला एक निवृत्त हवालदार बसवलाय, त्याला आम्ही कानसेन म्हणतो. त्याने मान हलवली की घरी जायचं. आजीबाईचं काम सोपं होतं. चक्री बाहेर काढायची, गोळ्या तळहातावर घ्यायच्या आणि सहा घरांतून दिव्याकडे बघायचं. सहाही घरांतून उजेड दिसला की झालं रिकामं. माझी सगळी नोकरी त्या उजेडावर गेली.

त्या वेळी कानसेन दाराबाहेर पाणी पीत होता. टापटीप पिंपाला कोपर टेकून उभा राहिला, अगदी जिथे तोंड धरायचं तिथे.

"काय मग, आजीबाईला निरोप कधी देताय?" तो म्हणाला. "रडणार असाल तर रुमाल देतो. इस्त्रीचा आहे."

मी पिस्तूल उलटं केलं. मॅगझिनची जागा मोकळी होती. दिव्याकडे धरलं, आरपार नाही पण आत उजेड दिसला. माझ्या डोक्याने 'रिकामं' म्हटलं. पिस्तुलात एक गोळी मॅगझिनमधून निघून आधीच वर नळीत जाऊन बसते, वरची सरकती स्लाइड मागे ओढून ती काढावी लागते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. ऐकलं होतं. पण हाताला माहीत नव्हतं.

इथपर्यंत चूक म्हणता येईल. पुढचं मी जे केलं ते चूक नव्हती. मी त्याला 'बाजूला हो' म्हणायला हवं होतं. मी म्हणालो नाही. पिस्तुलाचं तोंड त्याच्याकडे केलं. वाटलं, 'टक्' होईल, याची बोबडी वळेल, निदान एक दिवस तरी ही जीभ टाळ्याला चिकटून राहील. मी चाप ओढला.

आवाज त्या लहान खोलीत मावला नाही. टापटीप जागच्या जागी उभा होता. त्याच्या काखेखाली शर्टाला भोक पडलं होतं आणि मागच्या भिंतीचा चुना खाली सांडत होता. त्याने आधी भिंतीकडे पाहिलं, मग शर्टाकडे, मग माझ्याकडे. त्याच्या तोंडून एक शब्द निघत नव्हता. मला हवं होतं तेच झालं होतं.

कानसेन धावत आला.

"गोळी कोणी झाडली?"

"माझी चूक, काका," टापटीप म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. "दाजींना स्लाइडचं सांगायचं राहिलं. वाळूकडेच धरलं होतं, हात हलला."

कानसेनने वाळूकडे पाहिलं, भिंतीतल्या भोकाकडे पाहिलं आणि माझ्या हातातून पिस्तूल काढून घेतलं. बाहेर पडताना मी टापटीपला म्हणालो, "तू कशाला..."

"ताईसाठी," तो म्हणाला. "तुमच्यासाठी नाही."

मला त्याचा इतका राग कधीच आला नव्हता. त्याने आरडाओरडा केला असता, माझी गचांडी धरली असती, तर मी त्याचे पायही धरले असते. त्याने मला वाचवलं आणि माझ्यासाठी काही ठेवलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून परतलो तेव्हा बायको तोच शर्ट मांडीवर घेऊन बसली होती. त्याचे शर्ट पहिल्यापासून हीच दुरुस्त करते. खिळ्याला अडकला असं सांगून तो देऊन गेला होता. तिने दोन्ही भोकांतून एकेक बोट घालून मला दाखवलं.

"खिळा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघतो का हो?"

मी सांगायला सुरुवात केली. मॅगझिन काढलं होतं, नळीत एक गोळी राहिली, ही जुन्या हत्याराची सवय, कोणाचाही हात...

"तुम्ही त्याच्याकडे धरलं होतं?"

"रिकामं होतं. म्हणजे मला वाटलं रिकामं आहे."

"मी ते नाही विचारलं."

तिने शर्टाची घडी घातली आणि आत गेली. आमच्या संसारात भांडणं पुष्कळ झाली, भांडी आपटली, माहेरची पिशवी भरली गेली, पण असं मला एकटं टाकून ती कधी उठली नव्हती.

शनिवारी मी आजीबाई घेऊन बंदूकवाल्याकडे गेलो. त्याने चक्री फिरवून पाहिली, नळीत डोकावला आणि म्हणाला, "फार जपलीय हो." मग काउंटरवर एक नवीन डबा ठेवला. "हे तुमचं. मेहुण्यांनी बाजूला काढून ठेवायला सांगितलं होतं, मागच्या आठवड्यात."

"नको. फक्त विकायचंय."

"अहो, मग जवळ काय राहणार?"

"काही नाही."

त्याला वाटलं मी घासाघीस करतोय, त्याने डबा उघडून दाखवला. मी हात खिशातून काढले नाहीत. हत्याराचा दोष असता तर मी चुटकीसरशी बदललं असतं. आजीबाई तर कपाटात होती, त्या खोलीत नव्हतीच. त्या खोलीत मी होतो.

साहेबांनी मला फाटकावर टाकलं, काठी दिली. म्हणाले, "पिस्तूल घ्या, जागा ठेवतो." मी नको म्हटलं. बाकीचे म्हणतात म्हातारा अडेलतट्टू आहे, आजीबाईच्या दुःखात बसलाय. म्हणू देत.

सकाळी रोकड गाडी निघते तेव्हा फाटकाचा दांडा मीच उचलतो. टापटीप पूर्वीपासून फाटकाकडच्या खिडकीत बसायचा, ऊन आवडतं म्हणून. आता तो पलीकडच्या बाजूला बसतो, आणि गाडी माझ्या समोरून जाईपर्यंत माझ्याकडची काच वर असते.