त्र्याण्णव वर्षांचा अनुभव

मित्रांनो, द्वारका चौकाजवळच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासात धूळ खात बसलेला जुना प्रिंटर तो मीच. कडेला भोकं असलेल्या लांबलचक कागदावर मी करकर करत छापायचो. आवाज मोठा, म्हणून मानही मोठा.

साल एकोणीसशे नव्व्याण्णव. अमेरिकेला कॉम्प्युटर येणारी पोरं हवी होती आणि आमचे यादव सर ती तयार करत होते. आधी टायची गाठ, मग इंग्रजीतून हसणं, शेवटी माझ्याकडून अनुभवाचा कागद. एकतीस जणांना मी तीन-तीन वर्षांचा अनुभव छापून दिला. बेरीज त्र्याण्णव वर्षं. क्लासला स्वतःला तेव्हा दीड वर्षही झालं नव्हतं.

त्यांत किशोर होता, मखमलाबादच्या फुलमळ्यातला. त्याची आई वत्सलाबाई क्लासातल्या गणपतीला रोज हार आणायची. खंडेनवमीला तिनं मलाही झेंडूची माळ घातली, कुंकू लावलं.

"माझ्या किशोरचं नीट लिही रे बाबा."

कुठल्या सणाला कुणाच्या मळ्यातून किती फुलं निघतील, हे सांगणारा प्रोग्राम किशोरनं बनवला होता. तो चालतही होता. त्यानं अनुभवाच्या कागदावर तेवढंच लिहिलं, मी ते छापलं. सरांनी वाचलं.

"अमेरिकेला झेंडू विकायला चाललास का?"

"सर, पण मी तेवढंच केलंय."

"म्हणून तर काढायचं."

कागद टोपलीत गेला. मी दुसरा छापला : बँकेत तीन वर्षं. एरवी कागद अडकवणारा मी, त्या दिवशी एकदाही अडकलो नाही.

मुंबईच्या मुलाखतीनंतर किशोर उसना टाय परत करायला आला. वत्सलाबाई हार घेऊन आलेलीच होती.

"काय इचारलं रे?"

"बँकेचं. ते नाही आलं. मग म्हणाले, स्वतः काही बनवलंय का?"

"मग फुलांचं सांगितलं ना?"

त्यानं टाय टेबलावर ठेवला. कागदावर तिन्ही वर्षं बँक होती. फुलं कुठून आणणार?

तिनं हाराची पुडी सोडली. पुडीच्या कागदाला कडेला भोकं होती. टोपलीतून तिनंच नेलेला तो पहिला कागद. किशोरनं घड्या उलगडल्या, वाचलं.

"भिजलाय तो, टाक की."

"राहू दे, आई."

मित्रांनो, मला नाही म्हणता येत नव्हतं, तुम्हाला येतं. तुम्ही खरंच जे केलं असेल, ते लहान असलं तरी टोपलीत जाऊ देऊ नका. माझी धूळ झटकू नका, हरकत नाही. माळ तर कधीच सुकली. झाकणावर कुंकू तेवढं राहिलंय. ते मात्र पुसा. मला ते शोभत नाही.