दुपारची पाळी

रुग्णालयाच्या ड्रायव्हरांमध्ये त्याला सगळे मास्तर म्हणायचे. हे नाव त्याला मनापासून आवडायचं, फक्त त्याने ते कधी कबूल केलं नाही. शाळेत त्याने कोणाला शिकवलं नव्हतं. तो शिकवायचा कमी पेट्रोलमध्ये गाडी कशी चालवायची ते. नवा ड्रायव्हर आला की वाहन विभागाच्या मॅडम त्याला पहिले तीन दिवस मास्तरच्या शेजारी बसवायच्या. तीन दिवसांत त्या बिचाऱ्याचे कान किटून जायचे.

मास्तरचं म्हणणं असं की पेट्रोल इंजिन खात नाही, ड्रायव्हरचा उतावीळपणा खातो. झोपलेल्या बाळाच्या अंगावर पांघरूण घालावं तसा पाय ॲक्सिलरेटरवर ठेवायचा. समोरच्या गाडीकडे बघायचं नाही, तिच्याही पुढच्या तीन गाड्यांकडे बघायचं. लांबवर सिग्नल लाल दिसला की पाय काढून घ्यायचा, गाडी गिअरमध्येच राहू द्यायची आणि आपसूक मंदावू द्यायची. तिथे पोहोचेपर्यंत तो हिरवा झाला तर ब्रेकला हातही, म्हणजे पायही, लावावा लागत नाही. उतारावर न्यूट्रल करणाऱ्याला तर तो गाडीतून खाली उतरवायच्या गोष्टी करायचा. टायरची हवा आठवड्याला बघायची, डिकीत नको ते सामान ठेवायचं नाही, आणि गाडी मिनिटभराहून जास्त उभी राहणार असेल तर इंजिन बंद करायचं. हा शेवटचा नियम त्याचा सगळ्यांत लाडका होता. उभ्या गाडीचं इंजिन चालू दिसलं की त्याला राहवायचं नाही. रस्त्यात अनोळखी माणसाच्या काचेवर टकटक करून त्याने दोनदा शिव्या खाल्ल्या होत्या, तरी खोड गेली नव्हती.

ड्रायव्हरांच्या खोलीत एक फळा होता. पाळी सुरू होताना गाडीतला आकडा शून्यावर आणायचा आणि पाळी संपली की लिटरमागे किती किलोमीटर पडले ते फळ्यावर लिहायचं, अशी पद्धत. ही पद्धतही मास्तरनेच मॅडमच्या गळी उतरवली होती. मोठ्या पांढऱ्या गाडीवर सकाळी तो असायचा आणि दुपारी त्याचा धाकटा भाऊ. सकाळच्या रकान्यात सोळा, कधी साडेसोळा. दुपारच्या रकान्यात दहा, फार तर अकरा. गाडी तीच, टायर तेच, इतकंच काय, आईबापही तेच. बाकीचे ड्रायव्हर फळ्यासमोर उभे राहून यावर हसायचे आणि मास्तरच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

धाकट्याला ही नोकरी त्यानेच मिळवून दिली होती. दोघांत नऊ वर्षांचं अंतर. त्याला सायकलपासून गाडीपर्यंत सगळं मास्तरनेच शिकवलं, मागून धरून, ओरडून, प्रसंगी कानाखाली देऊन. त्यामुळे दहाचा आकडा त्याला धाकट्याची चूक वाटायचा नाही, स्वतःचा अपमान वाटायचा. घरी आईसकट सगळे जेवायला बसले की तो हटकून विषय काढायचा. धाकटा खाली मान घालून जेवायचा. एकदाच फक्त तो म्हणाला होता, की दादा, तू एखादा दिवस माझी दुपारची पाळी करून बघ. त्यावर मास्तर मोठ्याने हसला होता. नाचता येईना अशी ही तऱ्हा, असं तो बायकोला म्हणाला, आणि तिनेही हसावं अशी त्याची अपेक्षा होती. ती हसली नाही.

मग एक दिवस औषधं आणायला म्हणून तो दुपारी रुग्णालयात गेला. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. मागच्या दरवाजापाशी पांढरी गाडी उभी होती. काचा बंद, इंजिन चालू, एसी चालू, आणि आत धाकटा सीट मागे करून डोळे मिटून पडलेला. मास्तरने घड्याळात वेळ बघितली. वीस मिनिटं तो झाडाखाली उभा राहिला, पण काचेवर टकटक करायला गेला नाही. परक्या माणसांच्या काचा वाजवणारा हा गृहस्थ सख्ख्या भावाच्या काचेपर्यंत दहा पावलं चालला नाही. तो तसाच वळला आणि घरी आला.

महिनाअखेर मॅडमनी त्याला बोलावलं. वर्षाचे करार नव्याने करायचे होते. दुपारचा आकडा एवढा खाली का, असं त्यांनी सरळ विचारलं, आणि रागाने नाही, माहिती म्हणून विचारलं. मास्तरला सांगता आलं असतं की बघतो, विचारतो. पण त्याच्या अंगात न्यायाधीश संचारला.

तो म्हणाला, "इंजिन चालू ठेवून गारव्याला झोपतो. मी डोळ्यांनी बघितलंय. भाऊ असला म्हणून मी खोटं बोलणार नाही."

बाहेर पडताना त्याची छाती फुगली होती, हे त्याला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. धाकट्याचा करार नव्याने झाला नाही. त्याने मास्तरला एका शब्दाने विचारलं नाही. आठवड्यात त्याने एका फर्निचरच्या दुकानाचा टेम्पो धरला आणि पंधरा दिवसांत बायकोला घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या खोलीत राहायला गेला. दुकान जवळ पडतं, एवढंच कारण त्याने वहिनीला सांगितलं.

दुपारला दुसरा माणूस मिळेना, म्हणून मॅडम मास्तरला म्हणाल्या, सकाळची पाळी दुसऱ्याला देते, काही दिवस दुपार तुम्हीच करा आणि दाखवा सगळ्यांना. हे तर त्याला हवंच होतं. दुपारची पाळी म्हणजे डायलिसिस झालेल्या पेशंटना घरी सोडायचं काम. चार तास यंत्राला जोडून रक्त धुऊन घेतलं की पाच-सहा जण एकेक करून बाहेर येत आणि गाडीत बसत. सगळे जमेपर्यंत अर्धा तास सहज जायचा. मास्तर इंजिन बंद करून, काचा उघड्या टाकून बसायचा. पहिल्या दिवशी त्याने फळ्यावर चौदा लिहिलं आणि खडू झटकला. तिसऱ्या दिवशी पंधरा. मॅडमनी स्वतः येऊन फळा पाहिला.

पेशंट काही बोलत नव्हते. मास्तरला वाटलं, शिस्त आवडली असावी.

त्यांच्यात एक नकाशेवाले काका होते. उभा जन्म इमारतींचे नकाशे काढण्यात गेलेला, शर्टाची इस्त्री कधी मोडलेली नाही असा माणूस. दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी ते सगळ्यांत आधी येऊन मागच्या सीटवर बसले. बाकीचे येईपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. गाडीचा पत्रा तव्यासारखा तापला होता. गाडी निघाली, पहिलं वळण घेतलं, आणि काकांना भडाभडा उलटी झाली. शर्टावर, सीटवर, शेजारच्या बाईंच्या पदरावर. मास्तरने गाडी कडेला घेतली, पुसलं, पाणी दिलं. काका एकसारखं माफ करा, माफ करा म्हणत होते. घरापाशी उतरल्यावर त्यांनी सीट धुवायला येऊ का असं विचारलं, आणि उभं राहायचंसुद्धा त्राण नसलेला तो माणूस खरोखर बादली आणायला वळला. मास्तरने त्यांना कसंबसं थांबवलं.

गुरुवारी काका गाडीत आले नाहीत. शनिवारीही नाहीत. ज्यांच्या पदरावर उलटी झाली होती त्या शिवणवाल्या मावशी पुढे बसल्या होत्या. मास्तरने त्यांना विचारलं, काका कुठे गेले?

"बसने जातात," मावशी म्हणाल्या. "दोन बस बदलून. लाज वाटते म्हणाले."

मग थोडं थांबून, जपून, जणू ड्रायव्हरला राग येईल अशा बेताने, त्यांनी बाकीचं सांगितलं. यंत्रावरून उठलं की अंगातलं पाणी काढून घेतलेलं असतं, रक्तदाब खाली गेलेला असतो. उन्हात तापलेल्या गाडीत बसलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. आधीच्या मुलाला हे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तो वीस मिनिटं आधी येऊन गाडी गार करून ठेवायचा आणि सगळे बसेपर्यंत गारच ठेवायचा. स्वतः पहाटेपासून आईला दवाखान्यात नेणं-आणणं करून आलेला असायचा, त्यामुळे बसल्या जागी त्याचा डोळा लागायचा, पण दाराचा आवाज झाला की उठून हात द्यायला यायचा. मावशींना तो मुलगा मास्तरचा भाऊ आहे हे ठाऊक नव्हतं. ती आई मास्तरचीही आई आहे हेही ठाऊक नव्हतं. मास्तरची सकाळची पाळी असल्यामुळे आईच्या दवाखान्याच्या फेऱ्या धाकट्याच्या वाट्याला आल्या होत्या, तो गेल्यावर मास्तरच्या बायकोच्या, आणि मास्तरने त्या कधी हिशेबातच घेतल्या नव्हत्या.

पुढच्या रस्त्यात मास्तरने नेहमीसारखा लांबचा सिग्नल बघितला नाही आणि दोनदा जोरात ब्रेक मारावा लागला.

त्याच दिवशी पाळी संपल्यावर तो मॅडमपुढे उभा राहिला आणि आपलं चुकलं असं त्याने सांगितलं. असं वाक्य त्याने आयुष्यात फारसं उच्चारलेलं नसल्यामुळे ते दोनदा अडखळलं. मॅडमनी ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, जागा अजून रिकामीच आहे, बोलवा त्याला, दुपारच्या आकड्याचं मी बघते. एवढ्या सहज हे सुटेल असं मास्तरला वाटलं नव्हतं. त्याला हायसं वाटलं, आणि रविवारी सकाळी तो धाकट्याच्या खोलीवर गेला.

खोली तिसऱ्या मजल्यावर, एकाच खिडकीची. धाकट्याने चहा केला, कपबशी स्वच्छ पुसून पुढे ठेवली, आईची चौकशी केली. कपाटं वाहून त्याच्या खांद्यावर चट्टा पडला होता. मास्तर चहा गार होईपर्यंत बोलत होता. मावशींनी सांगितलेलं सगळं सांगितलं, मॅडमचा निरोप सांगितला. उद्यापासून ये म्हणाला. पुढे तुला कोणी एक शब्द बोलणार नाही, ही माझी जबाबदारी, असंही म्हणाला.

धाकट्याने सगळं ऐकलं आणि आधी विचारलं, "काका अजून बसनेच जातात?"

मास्तरने मान डोलावली.

"त्यांच्या घरी जा. फोन नको, घरी जा. आणि उलटीचं काही बोलू नकोस. म्हणावं, गाडीत एक जागा रिकामी जातेय." मग त्याने मावशींच्या गुडघ्याचं सांगितलं, पायरीशी गाडी कशी तिरकी लावायची ते सांगितलं, कोणाला खिडकी हवी आणि कोणाला वारा सोसत नाही ते सांगितलं. मास्तर एकेक गोष्ट मनात ठेवत गेला. एवढं ऐकून घ्यायची त्याला सवय नव्हती.

"म्हणजे तू येत नाहीस," तो शेवटी म्हणाला.

"नाही दादा."

"मी चूक मान्य केली ना. मॅडमसमोर केली. अजून काय करू, सांग."

धाकटा बोलला तेव्हा आवाजात राग नव्हता, आणि मास्तरला तो असता तर बरं झालं असतं असं वाटलं.

"काका मला दर फेरीला विचारायचे, एवढा वेळ इंजिन चालू ठेवतोस, तुला वरचे ओरडत नाहीत का? मी सांगायचो, माझा मोठा भाऊ तिथे आहे. कोणी काही म्हणालं, तर तो आधी मला विचारेल."

मास्तर खाली मान घालून बसला. धाकट्याने कपबशा उचलल्या, धुतल्या, आणि सवयीप्रमाणे त्याला सोडायला तीन मजले उतरून खाली आला. आईला गुरुवारी डॉक्टरांकडे न्यायचंय, तिला जिना उतरताना उजव्या बाजूने धरायचं, एवढं त्याने फाटकाशी सांगितलं. मास्तर हो म्हणाला.