टाकीवरचं फडकं

“टाकी बदलायची म्हंजी सदऱ्याचं बटन हाय व्हय रं? शाळंत टिकला न्हाईस, गाडीखाली टिकणार?” आण्णा बाजंवरनं बोलले.

“फोडली तुम्हीच, आण्णा. मी बसवतोय. तेवढी बसवू द्या,” रुद्र गाडीखालनंच म्हणाला.

बापानं फोडली व्हती हे खरंच. रुद्रच्या बहिणीला, पूनमला, शिरूरला सासरी सोडून येताना आण्णांनी उसाच्या ट्रॅक्टरला वाट द्यायला जुनी अल्टो बांधावर घातली, आन् दगडानं खालनं टाकी चिरली. चिरंत कपडं धुवायचा साबण दाबून ते मोकळे झाले. सकाळी अंगणात पेट्रोलचं डबकं.

रुद्रला मात्र ते डबकं बघून बरंच वाटलं. पाटसच्या अमजदमामांच्या गॅरेजात काम मिळावं म्हणून तो कवाधरनं त्यांच्या मागं लागला व्हता. मामा नुसतं हसायचे. टाकीचं कळलं तवा म्हणाले, “तुझी तूच बदल, घरी. कुणाचा हात लागू देऊ नको. मंग आण्णाला म्हण, चालवत आण पाटसला. आली तर उद्यापासनं तू माझ्याकडं.”

यवतच्या भंगारातनं धड टाकी आणली. गाडी मागनं जॅकवर चढवली, खाली ओंडकं दिलं. उरलेलं पेट्रोल कॅनात काढून चुलीपासनं लांब नेलं. गंजके बोल्ट काय सुटंनात. कोपराची साल गेली, तोंडातनं शिव्या गेल्या, शेवटी पट्ट्या सुटल्या आन् फुटकी टाकी छातीवर आली.

आणलेली टाकी धुऊन, वाळवून अंगणात ठेवली व्हती. पंप बसतो ते वरचं तोंड उघडं, म्हणून त्यावर त्यानं फडकं टाकून सुतळीनं आवळलं. फडकं त्याच्याच हातानं ऑइलनं काळं झालेलं. तोंडाची रबरी रिंग चिरलेली निघाली, ती आणायला तो सायकल मारत भांडगावात गेला.

परत येऊन बघतो तर टाकी वरनं पिवळीजर्द.

आज्यानं मेंढरं इकली आन् शेती धरली, पर नवी वस्तू खंडोबाचा भंडारा लावल्याबिगर वापरायची न्हाई, हे घरात राह्यलंच. मोबाईल आला, भंडारा. पाण्याची मोटर आली, भंडारा.

“आत न्हाई ना गेला, आण्णा?”

“येडा हाय का मी? बाजूनं लावला. फडक्याला हात सुदीक लावला न्हाई.”

रुद्रनं टाकी पुसली, फडकं सोडून वाकून आत बघितलं. आत नुसता अंधार. पंप बसवला, रिंग बसवली, टाकी वर चढवली, कॅनातलं पेट्रोल वतलं. चावी फिरवल्याबरूबर गाडी लागली. एक थेंब गळला न्हाई. रुद्रनं धुतलेला शर्ट घातला आन् बापाच्या शेजारी बसला. रस्त्यात आण्णांनी एकदा त्याच्या खांद्याला हात लावला.

वरवंडच्या पुढं गाडीनं आचके दिले. मंग बंदच.

मामा आले. दोर लावून गाडी गॅरेजात वढत नेली. टाकी उतरवून पंप बाहेर काढला. त्याच्या जाळीला पिठलं लिंपल्यावानी पिवळा थर. मामांनी बोट लावून वास घेतला.

“हळद?”

रुद्रनं बापाकडं बघितलं. आण्णा हायवेवरच्या ट्रका बघत व्हते.

“पोरानं टाकीचं तोंड उघडं टाकलं असंल, अमजदभाई. घरात देवाचं चालू व्हतं. उडाला असंल भंडारा.”

“मी फडकं बांधलं व्हतं, मामा.”

“म्हंजी बाप खोटा?” मामांनी जाळी त्याच्या हातात दिली. “जा बाबा. उघडी टाकी टाकून फिरणारा मला परवडत न्हाई. आन् बापावर घालणारा तर न्हाईच न्हाई.”

दिवस कलताना दोघं घरी आले. गिताबाई भाकरी थापत व्हती.

“आये, फडकं कुणी सोडलं व्हतं?”

“मी आत व्हते, बाबा. मला काय ठावं?”

ती खालीच बघत बोलली. तरी रुद्रला तिचं कपाळ दिसलं. टाकीला भंडारा लावून झाल्यावर आण्णांनी तिलाही लावलेला. त्या पिवळ्यात काळा अंगठा उठला व्हता. ऑइलचा.

“आण्णा, फडक्याला हात लावला न्हाई म्हंता. मंग आयेच्या कपाळाला ऑइल कुठनं आलं?”

गिताबाईनं पदरानं कपाळ पुसलं. घाईघाईनं, आण्णांकडं बघत.

“देवाच्या अंगाऱ्यावरनं भांडतो व्हय?” आण्णा म्हणाले. “आन् गॅरेज म्हंजी काय कलेक्टरी हाय? चार माणसांत बापानं मान खाली घालायची व्हती का तुझ्यापायी?”

“मंग माझी घातली ती?”

आण्णांनी पायताण काढलं, पर फेकलं न्हाई. रुद्रनं खिशातनं मोबाईल काढला. त्याचा दोस्त सोहेब शिरूरकडच्या कंपनीची रातपाळीची बस चालवायचा. पॅकिंगला माणसं लागतात, कवाबी ये, तिथंच खोली मिळंल, असं तो म्हणत व्हता, आन् गॅरेजच्या आशेनं रुद्र त्याला टाळत व्हता.

“फाट्यावर थांब,” रुद्र फोनवर म्हणाला. दोन शर्ट पिशवीत कोंबले.

“भाकरी तरी खा रं,” गिताबाई म्हणाली. तव्यावरची करपत व्हती. फाट्यावर हॉर्न वाजला.

“तुला इचारलं तवा काय बोलली न्हाईस, आये. आता नको बोलू. बस आलीया. मला निघायचंय.”