विलायती काळा

भाट्ये खाडीच्या अंगाला हौसा रंगारणीचं घर होतं. नवरा गेल्यावर धंदा तीच बघायची. काळा रंग म्हणजे हिरडा, गंजक्या लोखंडाचं पाणी आणि आठ दिवसांची उस्तवार, एवढंच तिला ठाऊक. एकतीस साली तिच्या भावाने, दादूने, मुंबईहून बोटीने विलायती काळ्या पुडीचा डबा आणि कसलेसे पिवळट खडे धाडले. तो गिरणीत रंगखात्यात होता. निरोप एवढाच: तांब्याच्या भांड्यात घालू नको, दोन्ही पाण्यात उकळ, कापड बुडव, पीळ, वाळत घाल.

शेजारच्या आनंदीबाईंनी सुनेच्या पहिल्या संक्रांतीसाठी कोरं लुगडं रंगवायला दिलं होतं. हौसाने लोखंडी काहील चढवली. सोबत आपली एक जुनी चोळीही बुडवली. कुजक्या अंड्यांसारखी घाण सुटली, आणि लुगडं बाहेर आलं ते शेवाळासारखं हिरवं!

पुन्हा बुडवलं, पुन्हा हिरवंच. "मेल्या दादू, काय धाडलंस रे हे!" म्हणत तिने ते परसातल्या दगडी गडग्यावर टाकलं आणि डोकं धरून बसली.

जरा वेळाने बघते, तर गडग्यावर काळंभोर लुगडं! कोणी बदललं की काय? फक्त घडीच्या पोटात हिरवा पट्टा उरला होता. तिने घडी उलगडली, तसा वारा लागून तोही डोळ्यांदेखत काळा पडला. हौसाला हसावं की घाबरावं कळेना.

संक्रांतीला सून ते नेसून मिरवली. पण वर्षाने आनंदीबाई तेच लुगडं घेऊन आल्या.

"पेटीत जपून ठेवलेलं गो. कसर म्हणावी तर भोक नाही."

त्यांनी नुसतं ओढलं, तर टर्रकन फाटलं. हौसाने त्याच काहिलीत रंगवलेली अंगावरची चोळी ओढून बघितली. रोज धुताना दगडावर आपटलेली, तरी शाबूत! जपलेलं गेलं आणि वापरलेलं टिकलं, हा कुठला न्याय?

शिमग्याला दादू घरी आला, तसं हौसाने त्याला सगळं सांगितलं.

"ह्या रंगाचं आंबट कापडात राहतं आणि पडून पडून सूत खातं म्हणे. खूप धुवायचं, मग सोड्याच्या पाण्यातून काढायचं."

"आणि हे आत्ता सांगतोस?"

"मला तरी कुठे ठाऊक होतं गो?"

हौसाने पदरचं लुगडं घेतलं, तसंच रंगवून, धुऊन आनंदीबाईंना दिलं.

"काकी, हे नेसत राहा, धूत राहा. पेटीत नका ठेवू."

"चांगलं लुगडं कोणी रोज नेसतं होय?"

 चांगलं लुगडं रोज नेसणं हौसालाही पटत नव्हतंच.